पांढरी कँडल

“पण अक्का, तुमच्या जागी मी का नको?”

शिवलीलानं नीलाक्कांना तिसऱ्यांदा विचारलं.

दर सोमवारी मठात बायका यायच्या. कुणाचा नवरा हात उगारायचा, कुणाची लेक माहेरी येऊन बसलेली. नीलाक्का सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी दोन शब्द सांगायच्या. आता त्या थकल्या होत्या. पुढच्या सोमवारपासून बायकांचं कोण ऐकणार, ते आज ठरायचं होतं. मानसशास्त्रात एम. ए. झालेली शिवलीला वर्षभर नुसत्या सतरंज्या घालत, भांडी घासत होती.

“राग मानू नका, पण तुमची पद्धतच चुकते. एकीचं ऐकलंत की दिवसभर घास उतरत नाही तुम्हाला. परवा तर त्या कस्तुराबाईबरोबर रडलात! मी वीसजणींचं ऐकेन. मला काही चिकटणार नाही.”

“काहीच?”

“काही म्हणजे काही नाही.”

“बरं... ते पाण्याचे दोन्ही फिल्टर उघड बघू.”

झालं! एवढं शिकून पुन्हा भांडीच. शिवलीला धुसफुसत उठली.

स्वयंपाकघरातला फिल्टर अक्कांचा, जुना. थेंब थेंब गळायचा, घागरभर पाण्याला दिवस लागायचा. ओसरीवरचा तिनं स्वतः आणलेला, स्वतः जोडलेला. तासाभरात भरायचा. सोमवारी बायका त्याचंच पाणी प्यायच्या आणि तिला दुवा द्यायच्या.

तिनं जुन्याच्या आतली, पाणी गाळणारी कँडल काढली. तपकिरी, बुळबुळीत. हाताला चिखलाचा वास लागला.

“शी! किती दिवस घासली नाही ही?”

“चार दिवस झाले.”

“चारच?”

“नळाला गढूळच येतं गं. घासावीच लागते. हलक्या हातानं, नारळाच्या शेंडीनं.”

मग तिनं आपल्या फिल्टरची कँडल काढून अक्कांच्या समोर धरली. शंखासारखी पांढरी!

“ही बघा. महिना झाला, एकदाही घासलेली नाही.”

“पाणी दोन्हीत एकच ओततेस?”

“एकाच नळाचं.”

नीलाक्कांनी ती पांढरी कँडल हातात घेतली. फिरवून फिरवून पाहिली. नखानं खरवडली. नखाला काही लागलं नाही.

“छान आहे...”

“मग? अशी पाहिजे!” शिवलीलानं खालच्या डब्यातलं पेलाभर पाणी काढून ऐटीत पुढं केलं. “घ्या, पिऊन बघा.”

नीलाक्कांनी पेला घेतला नाही. तपकिरी कँडल मांडीवर घेऊन त्या शेंडीनं सावकाश घासू लागल्या. बोटांवरून मातकट ओघळ आले, लुगड्यावर डाग पडले.

शिवलीलाचा हात तसाच पुढं राहिला...

“अक्का, पाणी.”

“हो, दिसतंय.” त्यांनी मान वर केली. “लीला, तुझ्या कँडलला काहीच चिकटलं नाही... मग महिन्याभराचा गाळ कोण प्यालं गं?”