हिसकलं की सुटका

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी जंगलात एक तळं होतं. त्या तळ्याकाठी एक घोडी आणि तिचं शिंगरू राहत असत. शिंगरू म्हणजे घोडीचं पिल्लू, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तिथेच एक म्हातारी वानरीही होती. तिची बोटं फार हलकी. कोणाच्या खुरात काटा गेला, खडा अडकला, की सगळे तिच्याकडे यायचे. पाय दाखवायची सवय लागावी म्हणून घोडीही शिंगराला अधूनमधून तिच्यापुढे उभं करी. पण वानरीने पाय उचलला रे उचलला, की शिंगरू तो हिसकून घेई. लगेच घोडी म्हणे, "सोडा हो मावशी! लहान आहे अजून." वानरी सोडून देई. शिंगरू उड्या मारत पळे आणि घोडी कौतुकाने बघत राही.

उन्हाळ्यात तळं आटत आलं. चार दिवसांनी डोंगर ओलांडून नदीकडे जायचं, असं सगळ्या प्राण्यांनी ठरवलं. नेमका तेव्हाच शिंगराच्या पुढच्या पायात बाभळीचा काटा रुतला. ते लंगडू लागलं. आता ते डोंगर कसा चढणार? आणि पोराला टाकून घोडी थोडीच जाणार? वानरी धावत आली, पण शिंगरू पायाला हात लावू देईना. "त्यात काय एवढं?" तळ्यावरचा एक रेडा म्हणाला. "मी त्याला झाडाशी दाबून धरतो, तुम्ही काटा उपसा." त्याने तसं केलंही. शिंगरू घाबरून असं उसळलं, की वानरी लांब जाऊन पडली आणि काटा आणखी आत गेला. मग तर वानरी नुसती दिसली तरी ते थरथरू लागलं.

शेजारी एक गाढवीण राहायची. कोणाकडे काय चाललंय याकडे तिचा एक कान असायचाच. ती न राहवून पुढे आली. "घोडीताई, राग मानू नकोस. तुझं पोर हट्टी नाही गं. तुम्हीच त्याला शिकवलंत."

"आम्ही? काय शिकवलं?"

"हिसकलं की सुटका होते, हे! प्रत्येक वेळी तेच तर केलंत."

रेडा फिसकन हसला. "घ्या! आता गाढवीण शिकवणार घोड्याच्या पोराला!"

"तुझी शिकवणी बघितली सगळ्यांनी," गाढवीण म्हणाली. "आता जरा बाजूला हो."

गाढविणीने सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवशी वानरीने पायाला हातच लावला नाही, नुसता खांदा खाजवला. दुसऱ्या दिवशी हात गुडघ्यापर्यंत गेला. शिंगराने झटका दिला. वानरीने दाबलं नाही, पण सोडलंही नाही; झटक्याबरोबर तिचा हात हलकेच पुढेमागे गेला, इतकंच. घोडीच्या अगदी ओठांवर आलं, "सोडा हो!" पण तिने ते गिळलं. एक श्वासभर शिंगरू स्वस्थ उभं राहिलं, तशी गाढवीण म्हणाली, "आता सोडा मावशी, लगेच! उभं राहिलं म्हणून सुटलं, हे कळू दे त्याला." तिसऱ्या दिवशी आधी चांगला पाय उचलून झाला, मग दुखरा. दोन श्वास, चार श्वास. काट्याला मात्र कोणी हात लावला नाही.

चौथ्या दिवशी सकाळी सगळे निघायच्या तयारीत उभे होते. वानरीने शिंगराच्या गुडघ्यावर बोट टेकवलं. शिंगराने पाय आपणहून उचलला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तो पाय थरथरत होता, पण मागे गेला नाही. वानरीने काटा ओढला.

"झालं?" शिंगराने डोळे मिटूनच विचारलं.

"केव्हाच!" वानरी म्हणाली. "वेड्या, डोळे उघड."

त्याने पाय टेकवला, जरा भार दिला, मग पूर्ण दिला. ऊन उतरेपर्यंत सगळे त्याच्यासाठी थांबले आणि मग डोंगराकडे निघाले. चढावर घोडी मुद्दाम पोराच्या मागे राहिली. त्याचे चारही पाय नीट पडत होते.

तात्पर्य : लहानांना धाकानेही शिकवता येत नाही आणि नुसत्या लाडानेही नाही. रोज थोडं थोडं शिकवावं, आणि त्यांनी धीर धरला की त्याच क्षणी त्यांना मोकळं करावं.