लाख कवचांची गोळी

एका गावात एक भोळा गेनबा होता. वय पंचेचाळीस. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, एवढीच त्याची खोड.

त्याच्या थोरल्या बहिणीला, चंद्राआक्काला, कर्करोगाची गाठ झाली होती. अंगात पाण्याचा तांब्या उचलायचं बळ उरलं नव्हतं. तालुक्याच्या ओगलेबाई डॉक्टर नव्या औषधाची चाचणी घेत होत्या. त्यांनी आक्काचं नाव यादीत घातलं आणि गेनबाला आठवड्याच्या सात गोळ्या दिल्या.

"रानातल्या नरक्या झाडाचा अर्क आहे यात. अर्काच्या कणाकणाला कवच घातलंय. एका गोळीत अशी लाखो कवचं, डोळ्यांना न दिसणारी."

गेनबा घरी आला. भुईमुगाची शेंग कोणी टरफलासकट खातं का? त्याने सातही गोळ्या खलबत्त्यात कुटल्या, सुपात घेतल्या आणि अंगणात पाखडल्या. टरफलं उडाली. दाणेही उडाले. आक्काला त्याने रिकामं सूप दाखवलं.

"अहो गेनबा!" पुन्हा गोळ्या देताना ओगलेबाईंनी कपाळाला हात लावला. "कवच काढायचं नाही! तसंच गिळायचं. योग्य जागी पोचलं की ते आपोआप उघडतं."

"बरं बाई."

महिनाभर आक्काने गोळ्या अख्ख्या गिळल्या. तिला भूक लागायला लागली. एके दिवशी म्हणाली, "गेन्या, फणस खावासा वाटतो रे."

गेनबाने तिच्यापुढे अख्खा फणस ठेवला. काट्यांसकट.

"गीळ, आक्का. आत गेला की आपोआप उघडतो."

"तूच गीळ, मुडद्या!"

गेनबा पुढच्या गोळ्या आणायला गेला तेव्हा ओगलेबाईंना हे कळलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "गेनबा, फणस कापून द्यायचा. औषधाची गोष्ट वेगळी. ते वाटेत उघडलं तर वाया जातं. वाटेत उघडायचं नाही, एवढंच ध्यानात ठेवा."

"ठेवलं बाई."

परतताना पावसाने गाठलं. गेनबाच्या काखेत छत्री होती. त्याने ती वाटेत उघडली नाही. घरी पोचला तेव्हा खिशातल्या गोळ्यांची पेज झाली होती. छत्री मात्र त्याने घरात उघडली.

आता बाई चिडल्या. नव्या गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "आणखी एक चूक झाली, तर आक्कांचं नाव यादीतून काढेन. नाजूक वस्तू नीट बंद करून न्यावी. आणि पुढच्या मंगळवारी आक्कांनाच घेऊन या, तपासायचंय. जपून आणा, त्या नाजूक आहेत."

गेनबाला घाम फुटला. आता चूक नको.

मंगळवारी त्याने धान्याची कणगी रिकामी केली. बाईंचा हुकूम म्हटल्यावर आक्का आत बसली. गेनबाने वर झाकण ठेवलं आणि कडेनं शेणमातीने लिंपलं. श्वासाला चार भोकं ठेवली, तेवढी अक्कल त्याला होती. मग कणगी बैलगाडीत घातली.

दवाखान्याच्या फाटकावर पहारेकरी म्हणाला, "काय आहे यात? उघडा."

"वाटेत उघडायचं नाही."

"गेन्या, उघड!" कणगी ओरडली. पहारेकरी पळाला तो ओगलेबाईंना घेऊनच आला. त्यांच्या हातात यादी होती.

"कणगीत कोण आहे?"

"आक्का. जपून आणलीय, बाई."

"अहो, उघडा आधी!"

"पण योग्य जागा हीच ना? नाहीतर वाया जायची."

एवढ्यात आतून धाडकन लाथ बसली. मग दुसरी. तिसरीला कणगीच्या कामट्या तडातड मोडल्या आणि शेणाने माखलेली चंद्राआक्का, तांब्यासुद्धा न उचलणारी आक्का, फुटकं झाकण उगारून गेनबाच्या मागे धावली.

ओगलेबाई यादी हातात धरून बघतच राहिल्या.

गेनबा गाडीभोवती पळता पळता आनंदाने ओरडला, "बघा बाई! योग्य जागी पोचली, आपोआप उघडली!"