कुंचीच्या आळ्यातली फट

तो दगड खाली ठेवा. हो, सांगलीकर, तुम्हालाच म्हणतेय. इथे येणारा प्रत्येक पाहुणा आधी तोच उचलतो. कमरेइतकी सुबक गोल भिंत, तिच्यात एक माणूस अंग चोरून उभा राहील एवढीच फट, आत्ता आमचा एकजण उभा आहे ती, आणि बाहेर चार पावलांवर त्याच मापाचा लांबट दगड आडवा पडलेला. हात शिवशिवणारच. त्यात तुम्ही बांधकामातले. खाली पृथ्वीवर तो दोघांना हलला नसता, चंद्रावर एकट्याला उचलता येतो, म्हणून अजूनच हुरूप येतो. पण ठेवा. धुळीत त्याची खळगी आहे ना, तिच्यात, होता तसा.

आता सगळे भिंतीपाशी या आणि वाकून आत बघा. वाकल्याशिवाय दिसत नाही, तशीच रचलीये ती. मधल्या दगडावर काय आहे? बाळाची कुंची. लाल खणाची, हिरव्या काठाची, आत बोटभर दगड ठेवून उभी केलेली, म्हणजे चिमुकलं डोकं आत असावं अशी. आम्ही या जागेला कुंचीचं आळं म्हणतो. रोपाभोवती पाण्याला आळं करतात, तसं हे सावलीचं.

ही गोष्ट मला माझ्या आजीनं सांगितली, तिला इथल्याच कुणीतरी. कानावर पडली तशी सांगते. मध्ये बोलू नका, सगळ्यांचे आवाज एकाच वेळी माझ्या कानात येतात.

तेव्हा चंद्रावर कुणी राहत नव्हतं. माणसं यायची, थोडं फिरायची, आठवण म्हणून काहीबाही ठेवायची आणि परत जायची. कुणी झेंडा, कुणी पाटी, कुणी घरच्यांचा फोटो. इथे वारा नाही, पाऊस नाही, म्हणून त्यांना वाटायचं की ठेवलेलं कायम राहील. पण ऊन आहे ना. त्या उन्हानं झेंडे पांढरेफटक झाले म्हणे, आणि फोटोंतली माणसं पुसून गेली.

अशाच एका यानात बार्शीचा अमेय शेटे नावाचा तरुण होता. उतरता उतरता ते यान गप्प झालं. कुठे पडलं, कसं पडलं, काही कळलं नाही. हाती लागलं नाही काहीच. पुढच्या यानात जायची पाळी राजश्री देवकाते हिची होती. दोघं एकत्र शिकलेले, एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेले. जाण्याआधी ती अमेयच्या आईला भेटायला बार्शीला गेली. शालनकाकूंनी पेटीतून ही कुंची काढली. अमेयला बारशाला घातलेली, त्यांनी स्वतः शिवलेली.

"एवढी घेऊन जा," काकू म्हणाल्या. "तिकडं ऊन कसं असतं गं?"

"कडक असतं, काकू. आडोसाच नाही कशाचा."

"मग सावलीत ठेव. लाल रंग आहे, विटतो. आणि पुरू नकोस बाई. माझ्या लेकाला पुरलं असं मला वाटायला नको. उघडी असू दे, कुणी आलं तर दिसू दे."

राजश्री हो म्हणाली. अशा वेळी कोण नाही म्हणतं? रंगीत कपडे सावलीत वाळवावेत हे तर घरोघरी सांगतात. काकूंनी सवयीनं सांगितलं आणि हिनं सवयीनं मान हलवली, इतकंच तेव्हा झालं.

मग ती इथे उतरली. सगळी कामं झाल्यावर शेवटच्या फेरीत कुंची ठेवायची, नमस्कार करायचा, फोटो काढायचा आणि निघायचं, असं ठरलेलं होतं. तिनं दगडावर कुंची मांडली आणि वाकून नमस्कार केला. तोवर तिची स्वतःची सावली कुंचीवर होती. फोटोसाठी ती बाजूला झाली आणि ऊन कुंचीवर पडलं. असा लाल रंग तिनं जन्मात पाहिला नव्हता म्हणे. इतका उजळला की तिला रडू फुटलं, आणि त्याच क्षणी काकूंचे शब्द आठवले.

आता तुम्ही म्हणाल, उचलायची आणि एखाद्या खडकाच्या सावलीत ठेवायची. तिनं तेच करायचं ठरवलं होतं. पण हा चंद्राचा दक्षिणेकडचा टोकाचा भाग. इथे सूर्य डोक्यावर येत नाही, क्षितिजाला घासत गोल फिरतो, महिन्याभरात एक फेरी. त्यामुळे इथली प्रत्येक सावली फिरती. आज ज्या खडकाआड सावली आहे तिथे पंधरा दिवसांनी ऊन. खोल खड्ड्यांत कायमची सावली असते, पण तिथे ठेवणं म्हणजे पुरल्यासारखंच. काकूंना दोन्ही हवं होतं, सावली आणि उघडं आभाळ.

आणि मग तिला सुचलं. मी हजारदा इथे आलेय, तरी त्या सुचण्याचं मला अजून नवल वाटतं. सूर्य जर वर येतच नाही, तर छप्पर हवंय कशाला? भोवती नुसती गोल भिंत घातली की झालं. सूर्य फिरू दे कुठूनही. आत सावली राहणार, आणि वरून कुंची दिसणार.

ती दगड वेचायला लागली. यानात तिचा जोडीदार होता, त्याचं नाव कुणाला आठवत नाही, बिचारा. तो परत ये म्हणत होता. पृथ्वीवरूनही तेच सांगत होते. पाठीवरची हवा मोजकीच होती. ती फक्त "आले, आले" म्हणायची आणि पुढचा दगड उचलायची. भिंत वाढत गेली आणि शेवटी एवढीच जागा उरली. तिथे बसेल असा दगड शोधायला ती लांब गेली, तो मिळाला, घेऊन आली. चार पावलं राहिली आणि हवेचा तांबडा दिवा लागला. जोडीदाराला तिचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, "टाक तो. तू आली नाहीस तर मी इथून हलणार नाही." दुसऱ्याचा जीव मध्ये आला. तिनं दगड टाकला आणि पळाली.

तोच हा दगड. तुम्ही मघाशी उचललेला.

परतल्यावर ती आधी बार्शीला गेली. काकूंनी विचारलं, "सावलीत ठेवलीस ना?" तिला खोटं बोलता आलं असतं. कोण बघायला येणार होतं? पण तिनं सगळं सांगितलं. एक फट राहिलीये काकू, दर फेरीला सूर्य तिच्यासमोर आला की दिवसभर ऊन आत जाणार. काकू तिच्या हातांवरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढी भिंत एकटीनं रचलीस, पोरी. राहू दे फट. कुणीतरी उभं राहील तिथं."

काकूंनी तिची समजूत घातली होती. राजश्रीनं मात्र ते मनावर घेतलं. चंद्रावर वस्ती करायचं ठरलं तेव्हा तिचे केस पिकले होते आणि काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी ती हट्टानं आली. आल्या आल्या इथे आली आणि वाकून आत बघू लागली. कुंची लालच होती, पण तिच्यावर उभा एक पट्टा उमटला होता, फिका, जवळजवळ पांढरा. बघा, दिसतोय ना? ज्या वर्षांत फटीत कुणीच उभं नव्हतं, ती सगळी वर्षं त्या पट्ट्यात आहेत.

सोबतचे लोक तिनं टाकलेला तो दगड आणायला धावले. तेवढ्यात सूर्य फटीसमोर येऊ लागला, म्हणून ती जाऊन फटीत उभी राहिली. तिची सावली कुंचीवर पडली, पहिल्या दिवशी पडली होती तशीच. लोक दगड घेऊन आले, पण ती हलेना. हवा संपत आली तेव्हा एकजण मागून तिच्या पाठीला टेकून उभा राहिला, आणि मग ती बाजूनं सरकली, म्हणजे उन्हाला मध्ये शिरता आलं नाही. असे एकामागून एक लोक उभे राहिले आणि सूर्य पुढे सरकला. मग कुणीतरी म्हणालं, "बाई, आता लावू या का दगड?"

ती म्हणाली, असं सांगतात, "दगड लावला की आपण मोकळे. पुन्हा इकडे कोण येईल? मला मोकळं व्हायचं नाही." आणि तिनं तो दगड स्वतः उचलून पहिल्या खळगीत नेऊन ठेवला.

तेव्हापासून दर फेरीला आम्ही उभे राहतो. वस्तीत लग्न असो, भांडण असो, सुतक असो, ही पाळी चुकत नाही. आजही तो पट्टा माझ्या आजीनं पाहिला होता तेवढाच आहे. एक धागाही पुढे सरकलेला नाही. फटीत आत्ता जो उभा आहे त्याचे पाय धुळीतल्या ज्या दोन पावलांत रुतलेत, ती दिसतात ना? तीही राजश्रीबाईंचीच. सगळे त्यांच्यातच पाय ठेवतात, म्हणून आता ती झिजलेल्या उंबऱ्यासारखी खोल झालीयेत.

सांगलीकर, तिकडे बघा. फटीची कडा उजळलीये. आत जो उभा आहे त्याची वेळ संपत आलीये आणि पुढची पाळी माझी होती, पण आज तुम्ही या. त्याच्या पाठीला टेका. बरोबर. आता त्याला सरकू द्या आणि तुम्ही त्या पावलांत पाय ठेवा.

पडली तुमची सावली. आता हलू नका.