मदरबोर्डबाई आणि झोपलेले दोन कोअर

संगणक टेबलाखाली पेटीएवढी जागा अडवून बसत, त्या काळची ही गोष्ट. एका पेटीतल्या मदरबोर्डबाईंचा काही केल्या डोळा लागेना. त्यांच्या लाडक्या प्रोसेसरच्या पोटात कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे मेंदू, होते चार, पण कारखान्याने दोन कायमचे झोपवून ठेवले होते. शेजारच्या पेटीतल्या पोराचे मात्र चारही चालत.

"माझंच काहीतरी कमी पडलं असणार," असं म्हणत बाई ते दोघे जागे करायला निघाल्या.

प्रोसेसरला वारा घालणारा पंखा फिस्सकन हसला. "अहो बाई, तपासणीत नापास झाले म्हणूनच झोपवलेत ना ते?"

"नापास? माझ्या पोरात? तुम्ही आपले गोल फिरा!"

बाईंनी एक सेटिंग बदललं. तिसरा कोअर जागा झाला आणि म्हणाला, "दोन अधिक दोन पाच."

"बघा, कसा वेगळा विचार करतो!" बाई हरखल्या आणि चौथ्यासाठी त्यांनी वीज वाढवली. प्रोसेसर चटका बसेल इतका तापला, पडदा काळा झाला आणि पोर गप्प पडलं.

"अभिनंदन," पंखा धापा टाकत म्हणाला. "आता एकही चालत नाही."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी घाईघाईने सेटिंग लक्षात ठेवणारी आपली गोल बॅटरी बाजूला केली, तशी बदललेली सगळी सेटिंगं पुसली गेली. हळूहळू पडदा उजळला.

"बाळा, बरा आहेस ना रे?"

प्रोसेसर म्हणाला, "आई, झाली का गं तुझी परीक्षा? मग मी माझं काम करू?"