भुरकीचा झगा

रेडिओ घराघरात गप्पा मारायचा, त्या काळची गोष्ट. रेडिओच्या कारखान्यात रंगाच्या एका डब्यात लोखंडाच्या बारीक कण्या राहत. सगळ्याच जन्मजात चुंबक, त्यामुळे एकमेकींना बिलगायची भारी हौस. म्हणून डब्यात सोडण्याआधी प्रत्येकीला प्लास्टिकचा पातळ झगा चढवायची तिथली रीत होती.

भुरकी नावाच्या कणीला तो झगा नकोसा झाला. "शेजारी सख्खी बहीण, आणि धड मिठी मारता येत नाही," ती कुरकुरली.

"अगं, म्हणूनच घातलाय," जुना ब्रश म्हणाला. "रेडिओच्या पेटीला आतून तुमचा लेप द्यायचाय. बाहेरच्या यंत्रांमुळे रेडिओत येणारी खरखर अडवायची, तर सगळीकडे पसरून उभं राहायला हवं."

भुरकीने काठावर घासून स्वतःचा झगा फाडला, बहिणीचाही फाडला. ते बघून बाकीच्यांनीही फाडले आणि मिठ्या मारमारून त्यांचा गोळाच झाला. लेप देताना गोळा एका कोपऱ्यात बसला, बाकी पेटी उघडी राहिली. तपासणीच्या वेळी शेजारी ठेवलेला मिक्सर सुरू होताच रेडिओवर बातम्यांच्या जागी नुसती खरखर.

"लेप खरवडा," तपासणाऱ्या अनसूयाबाई म्हणाल्या. "पुन्हा असं झालं तर पेटी भंगारात."

कण्यांना नवे झगे मिळाले, नवा लेप बसला. मिक्सर पुन्हा घरघरला, पण आत बातम्या स्वच्छ चालू होत्या. भुरकीने सवयीने बहिणीकडे हात केला. केसाएवढं अंतर राहिलं.

"पोचला का गं हात?" बहिणीने विचारलं.

"नाही," भुरकी म्हणाली. "पण ती खरखरही आत पोचली नाही."