शेवटचं दार

एका गावात मुलींची एक शाळा होती. शाळेला मैदान होतं, पण नावाला. अर्ध्यात कुसळं, अर्ध्यात दगड. खो-खो शिकवणाऱ्या मोकाशीबाई एकट्या काय काय करणार? त्यांनी पोरींच्या आईबापांना हाक घातली. आईबाप आले. कुणी दगड वेचले, कुणी खांब पुरले, कुणी फक्कीच्या रेघा मारल्या.

सगळ्यांत पुढं हौसाबाई. तिचा आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला बोलली की त्या टोकाची शेळी उठून उभी राहायची. तिची लेक प्रणाली संघाची कप्तान. यंदा तालुक्याची ढाल आपल्याच शाळेत यायला पाहिजे, हे हौसाबाईनं मनाशी पक्कं धरलं होतं.

सराव संपेपर्यंत दिवस मावळायचा. म्हणून पोरींना घरी सोडायला पालकांची पाळी लावली. रोज एकानं सोबत जायचं. हौसाबाईनं आठवड्याला दोन पाळ्या मागून घेतल्या.

रस्ता एकच. आधी पेठ, मग माळआळी, मग ओढ्याचा पूल, आणि पुलापलीकडं वीटभट्टीची वस्ती. वाटेत एकेक पोर आपल्या घरी वळायची. सोबतीला आलेली बाईही आपलं घर आलं की वळायची. चूल पेटवायची असायची, म्हशीची धार काढायची असायची. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पाळी केली म्हणजे केली.

वस्तीवरून येणारी पोर एकच, अंजनी. खांबाला वळसा घालून असा सूर मारायची की पळणारीला कळायच्या आत बाद. तिचं घर सगळ्यांत शेवटी. माळआळी संपली की पुढं ती एकटी.

तालुक्याचे सामने पंधरा दिवसांवर आले आणि अंजनी मैदानावर यायची बंद झाली. शाळेत यायची, पण चारची घंटा झाली की दप्तर उचलून चालू लागायची. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "पाय दुखतोय."

"घरी पळत जाती तवा न्हाई दुखत व्हय?" विमल म्हणाली. ही हौसाबाईची शेजारीण, तिचीही पोर संघात. "हिची आई एक दिवस पाळीला आली न्हाई. फुकटच्या सोबतीला किंमत नसती बघ."

हौसाबाईला ते पटलं. "थांब, आज आईलाच जाऊन विचारते," ती म्हणाली.

त्या दिवशी प्रणालीला घरात सोडून ती तशीच पुढं निघाली. पुलाच्या कठड्यावर चार टवाळ बसले होते. तिला बघून एकानं शीळ घातली. "आज थोरली आली रे! धाकटी कुठाय?"

बाकीचे फिदीफिदी हसले.

हौसाबाई गावात कुणाला भीत नव्हती. सरपंचाला तोंडावर बोललेली बाई. पण इथं दिवा नव्हता, की आसपास माणूस नव्हतं. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिनं पदर आवळला आणि पाय उचलले. पूल मागं पडल्यावर तिला कळलं, आपण पळत होतो. आणि धाकटी कोण, तेही कळलं.

अंजनीची आई भागाबाई दारात भाकरी थापत होती. दिवसभर विटा थापून हाताला भेगा पडलेल्या. हौसाबाई भांडायला आली होती, पण नुसती धापा टाकत उभी राहिली.

"पोरीच्या पायाला काय झालं न्हाई," भागाबाई म्हणाली. "पूल तुमी आत्ता बघितलाच."

"अवं, मग सांगायचं तरी!"

"मला तरी कुठं ठावं हुतं? सोबत हाय म्हणून पाठवत हुते मी. सोबत तुमच्या दारात संपती, हे पोरीनं दोन म्हैनं लपवलं. आईला कळलं तर खेळ बंद व्हईल म्हणून. कळलं, आणि मी बंद केला."

हौसाबाईची मान खाली गेली. "उद्यापासनं मी इथपर्यंत सोडते."

"एकदा इश्वास ठिवला. आता आधी चालून दावा. पोर मागनं."

हौसाबाई निघाली तशी भागाबाईनं नवऱ्याला हाक मारली. नवरा-बायको बॅटरी घेऊन तिच्यासोबत निघाली, पार तिच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. अंगणात उभं राहून हौसाबाई त्यांच्या पाठी बघत राहिली. कुणी थोबाडीत मारली असती तर बरं, असं तिला झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं मैदानावर सगळ्या आयांना सांगितलं, यापुढं सोबत वस्तीपर्यंत, आणि दोघींनी मिळून.

"वस्तीपर्यंत?" विमल म्हणाली. "आन् माझी म्हस कोण पिळणार, मोकाशीबाई व्हय?"

"म्हस तासभर थांबती गं," हौसाबाई म्हणाली. " पोरगी एकदा घरी बसली की जन्माची बसती. तुझ्या पाळीला मी येते तुझ्याबरोबर, चल."

मग रोज सांजेला दोघी वस्तीपर्यंत जायच्या. अंजनी सोबत नसायचीच. भागाबाईच्या दारात उभं राहून "आलो होतो" म्हणायचं आणि परत फिरायचं. टवाळांनी पहिल्या दिवशी शीळ घातली, तशी हौसाबाईनं चौघांच्या बापांची नावं घेऊन त्या आवाजात असा उद्धार केला, की माळआळीतली माणसं घराबाहेर आली. चार दिवसांत कठडा मोकळा झाला. गाव मात्र हसायचं. "पोर न्हाई आन् सोबत कुणाला करतायसा, भुताला?"

असे दहा-बारा दिवस गेले. सामने आले. अंजनीवाचून संघ दुसऱ्याच सामन्यात हरला.

"सुटलो एकदाचं," विमल म्हणाली. "ढाल गेली. आता कशाला चालायचं?"

पुढच्या वर्षासाठी बाईंनी सराव चालूच ठेवला होता. त्या दिवशी पाळी हौसाबाईची होती. वाटेत पोरी आपापल्या घरी गेल्या, प्रणालीही गेली. विमल आपल्या दारात वळली. हौसाबाई आपल्या उंबऱ्यावर टेकली. पायाचे तुकडे पडले होते. खरंच, कशाला जायचं? आजवर आपण पोरीसाठी चाललो की ढालीसाठी? तिनं स्वतःला विचारलं, आणि जे उत्तर आलं त्याची तिला लाज वाटली.

ती उठली आणि एकटीच निघाली.

भागाबाई दारातच होती. "सामनं झालं न्हवं?"

"झालं. हरलो."

"मग आज कशाला आलीस?"

"पाळी हाय माझी."

भागाबाईनं तिला आत बोलावलं, पाट दिला, चहा टाकला.

दुसऱ्या दिवशी चारची घंटा झाली. अंजनी मैदानावर आली, दप्तर कडेला ठेवलं, चपला काढल्या आणि ओळीत जाऊन बसली.

तात्पर्य: आपलं दार आलं की संपते ती सोबत नव्हे, तो आपलाच घरी जायचा रस्ता. जिचं घर सगळ्यांत लांब, तिच्या दारापर्यंत पोचते तीच मदत.