झटपट रंगाची काच

एकदा एका तालुक्याच्या गावी पेशी तपासणाऱ्या वृद्ध डॉक्टरांकडे एक तरुण शिष्या शिकायला आली. बुद्धीने तल्लख, मनाने मायाळू. फक्त धीर तेवढा कमी.

एका सकाळी दूरच्या वाडीवरून मानेला गाठ आलेली बाई आली. डॉक्टरांनी गाठीत सुई घालून निघालेला अंश काचपट्ट्यांवर पसरला. एक काच हवेत सुकवून झटपट रंगात बुडवली. बाकीच्या ओल्या असतानाच अल्कोहोलमध्ये ठेवल्या. त्या जुन्या, संथ पद्धतीने रंगवून दुसऱ्या दिवशी वाचायच्या होत्या.

शिष्येने झटपट काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि तिचा चेहरा उतरला. "सर, केंद्रकं केवढी मोठी आहेत! हा कॅन्सरच. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आत्ताच सांगू या, बिचारी उद्यापर्यंत कशाला ताटकळेल?"

तिचा कळवळा खरा होता, म्हणूनच जास्त धोक्याचा होता.

वृद्ध डॉक्टरांनी काच पाहिली, सूक्ष्मदर्शकाचा दिवा विझवला आणि बाहेर जाऊन बाईला म्हणाले, "तपासायला हवं तेवढं मिळालं. आता पुन्हा सुई नको. उद्या या."

"बरं हाय न्हवं, डाक्टर?"

"ते आज मलाही ठाऊक नाही, ताई."

बाई गेल्यावर शिष्या रागावून म्हणाली, "सांगायचंच नव्हतं, तर काच घाईने रंगवली कशाला?"

"पोरी, त्या काचेला मी एवढंच विचारलं, पेशी आल्या का? नसत्या आल्या, तर बाई इथे असतानाच पुन्हा सुई घालता आली असती. वाडीवर पोचलेल्या माणसाला परत बोलावलं की त्याचा जीव टांगणीला लागतो. काचेने चोख उत्तर दिलं. तू मात्र तिला दुसराच प्रश्न विचारलास. हवेत सुकलेली पेशी पसरते, तिचं केंद्रक मोठं दिसतं. तू तिला ओल्या काचेचं माप लावलंस. सरावलेला डोळा सुकी काचही वाचतो; पण एवढा मोठा शब्द उच्चारण्याआधी मी दोन्ही काचांची साक्ष घेतो."

दुसऱ्या दिवशी संथ रंगाच्या काचेत केंद्रकं लहान आणि एकसारखी दिसली. डॉक्टरांनी सुकी काच पुन्हा तपासली. तीही आता वेगळं काही सांगत नव्हती.

"जा, तूच सांग," ते म्हणाले.

"साधी गाठ आहे, मावशी. कॅन्सर नाही."

बाई मटकन बाकावर बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊ लागली. शिष्या तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसली. काल याच बाईला आपण काय सांगायला निघालो होतो, हे तिला आठवलं. पाठीवरचा हात तिने बराच वेळ उचलला नाही.

उत्तर लवकर मिळालं म्हणून ते खोटं नसतं. ते कोणत्या प्रश्नाचं आहे, एवढं मात्र पाहावं लागतं.